एका पात्याला लावलेलं कुंकू

गढा, जबलपूर
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय पूर्णिमा,

पुण्यात तू आणि आपली लेक प्रणोती बऱ्या असाल, बाळ आईला थोडं झोपू देत असेल. इथे तुळशीला रोज पाणी घालतो. वरण मात्र अजून तुझ्यासारखं जमत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर आंघोळ करून मी थेट कारखान्यात गेलो. तू जाताना तुपात कालवून दिलेलं कुंकू डबीत होतं. यंत्राची पूजा झाली, सगळे प्रसादाला गेले, मी मागे राहिलो. ट्रेमध्ये विमानाच्या इंजिनाची चाळीस पाती लेपासाठी तयार होती. त्यांतल्या एकाला मी कुंकवाचं बोट लावलं.

हे तुला फोनवर सांगितलं नाही.

त्या इंजिनात आग इतकी असते, की उघडा धातू टिकत नाही. म्हणून आम्ही पात्यांवर चिनीमातीसारखा पांढरा लेप फवारतो. त्याआधी पातं खरबरीत करून घेतात आणि मग हातमोजे घातल्याशिवाय त्याला कोणी शिवत नाही. तूप लागलं तर लेप नीट धरत नाही, तापल्यावर तिथूनच सुटू शकतो. नव्या मुलांना हे शिकवणारा मीच. लक्षात आलं तसं, गावच्या शाळेत पाटी पुसायचो तसं रुमालाने पुसलं आणि पातं ट्रेमध्ये ठेवून दिलं. दसऱ्यानंतर लेप झाला. सगळी सारखीच पांढरी. कोणतं ते मलाही ओळखू येईना. तपासनीस म्हणून कागदावर सही माझीच.

अंबरीशला, आमच्या तरुण इंजिनियरला, आडून विचारलं, तेलकट हात लागला असेल तर? तो हसला. "काका, नमुना टेस्टमध्ये पास झाला न? मग काहून जीव जाळून राहिले?"

पण नमुना म्हणजे सोबत फवारलेली वेगळी पट्टी, तिला मी कुंकू लावलं नव्हतं.

आरतीला हात जोडले की तेच बोट दिसायचं. प्रणोती बाळाला घेऊन विमानाने येईल असं तू म्हणालीस, त्या दिवशी मी फोन लवकर ठेवला. मी थकलोय असं तुला वाटलं. त्या विमानात आमची पाती नसतीलही. पण ज्यात असतील, त्यातही कोणी बसणारच.

काल पात्यांची पेटी रवाना व्हायची होती. सकाळीच मालकांच्या, भय्यासाहेबांच्या, खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं:

"शालिग्रामजी, पंधरा दिवस काहून गप राहिले?"

त्यांना नुसतं 'चुकलं' म्हणालो. खरं उत्तर तुला देतो. तपासनीस झालो तेव्हा तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस. ते सगळं जाईल, ही भीती वाटली.

आता चाळीसही पात्यांचा लेप उतरवून पुन्हा चढवायचा आहे. त्यांनी मागण्याआधीच मी माझा तपासनिसाचा शिक्का टेबलावर ठेवला. त्यांनी तो खणात टाकला.

तू कुंकवाला दोष देशील, म्हणून लिहितो. डबी माझ्या हातात होती. दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघं घाटावर जाऊ.

कागदावरच्या स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारून आलेला,
तुझा
शालिग्राम