आरोहीचं मौन

चौल, ५ डिसेंबर २०२४

चि. कल्पितास आईचे अ. उ. आ. चौलच्या दत्ताचा अंगारा सोबत पुडीत आहे, पाकीट फाडताना सांडू नकोस.

फोनवर बोलायचं तर आरोही शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहिते. तुझी धाकटी बहीण आता बरी आहे. अलिबागच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिल्यापासून फिट आली नाही. विहिरीवर एकटी जाते, मी मागे धावत नाही.

दुसरी बातमी वाचून हसू नकोस. तिने मौन धरलं आहे. मला विचारलंही नाही, आपल्या मनानेच. हवं ते बोटाने दाखवते. आज गुरुवारच्या पूजेला नारळ हवा होता, तर हातांनी गोल करून दाखवला. दिवसभर बडबड करून मला बेजार करणारी पोर, दुखणं जावं म्हणून देवाला वाणी वाहून बसली बघ. शेजारी सांगितलं तर आवडाबाई येऊन तिच्या पाया पडून गेली. तुझे बाबा म्हणतात, बरं झालं, घरात एक तरी संत निघाला. थोरलीला देवळाची पायरी आठवत नाही.

खरं सांगू? घर फार शांत झालं आहे ग. तू बेंगळुरूला, ही अशी. तुझं ते फिटच्या गोळ्यांवरचं संशोधन संपेल तेव्हा संपेल, पण होळीला तरी ये.

दूर असलीस तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई
कमळ

बेंगळुरू, १४ डिसेंबर २०२४

ती. आईस शि. सा. न. अंगारा न सांडता पोचला, लावला.

तुझं पत्र वाचून आरोहीला एकटीला फोनवर गाठलं. ती रडली. मी एकेक विचारत गेले, ती अडखळत हो-नाही म्हणत गेली. आई, ते मौन नाही. तिला शब्दच सापडत नाहीत. नारळ डोळ्यांसमोर असतो, नाव येत नाही. लोक हसतील म्हणून ती बोलत नाही. आणि तू इतकी आनंदात होतीस की तुला सांगणं तिच्या जिवावर आलं.

या गोळीने काहींना असं होतं. माझं कामच ते आहे, कोणत्या गोळीने कोणाला काय त्रास होतो हे माणसांना विचारून लिहून घ्यायचं. पण ज्याचे शब्दच गेले तो सांगणार कशाने? फोनवर ती नुसतं हं हं करायची, मला वाटलं रुसली. तिचे टोमणे ऐकायला जीव आसुसला आहे.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर फिट जोरात येते. डॉक्टरांशी बोलले आहे. ते ही हळूहळू कमी करून दुसरी चालू करतील. मध्ये फिट येऊ शकते. आरोही तयार आहे. तूही हो.

रागावलीस तरी माया तेवढीच ठेव.

तुझी
कल्पिता

चौल, २१ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पितास अ. उ. आ. पत्राला उशीर झाला, लिहायला हात उचलवत नव्हता.

गोळी बदलताना मागील दारी फिट आलीच. तू सांगितलंस तशी कुशीवर वळवली, तोंडात काही घातलं नाही. देवाचं नाव घेत होते आणि मनात तुला शिव्या देत होते. मुकी तर मुकी, पण धड तर होती, असं वाटून गेलं. जुनीच गोळी आणा म्हणून बाबांच्या मागे लागले. आरोहीने माझा हात धरून जोराने मान हलवली. मग मीही हट्ट सोडला.

त्यानंतर फिट नाही. शब्द मात्र सावकाश आले, रुसलेल्या पाहुण्यासारखे.

आज सकाळी रेवदंड्याची केसर कोळीण मासे घेऊन आली. मुकी पोर बोलते की न्हाय अजून, असं तिने विचारलं. ओसरीवरून आरोही म्हणाली की मी बोलतेय, तुझ्या बोंबलांनीच बोलणं सोडून चार दिवस झालेत. केसर भडकली. आरोहीने पाटीतल्या एकेका माशाचं नाव घेऊन उद्धार केला. एकाच्या नावावर अडली. केसरही थांबली. मग आरोहीच म्हणाली, काय त्याचं नाव असेल ते असो, तोही शिळाच. दोघी हसत सुटल्या.

दारातलं भांडण मला खपत नाही, तुला ठाऊक आहे. आज दाराआड उभी राहून ऐकत होते. हसता हसता आरोहीने जुन्या सवयीने आत तोंड करून, ताई, ऐकलंस का ग, अशी हाक मारली.

मग मीच ओ दिली.

वाट बघणारी
आई