आबांच्या गाडीची पट्टी

शनिवार, रात्र. पवनानगर.

पट्टी झकास बसली. कंपनीत दिवसभर पॅनलच्या वायरी जोडते, मग आबांच्या मोटारसायकलला एक एलईडी पट्टी लावणं काय अवघड? बाकीचे थेट बॅटरीला जोडतात आणि सकाळी किका मारत बसतात. मी चावीच्या वायरीवर घेतली. चावी बंद की पट्टी बंद.

पण एक चूक केलीच. दुपारी मोकळ्या गाडीला दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवली. मग आबांनी दुधाचे कॅन अडकवले आणि सगळा उजेड कॅनमागे गडप! रोज डोळ्यांसमोर असतात ते कॅन, तरी कशी विसरले?

आबा हसले. "आता कॅन घरी ठिवून नुसती बत्ती मिरवू व्हय? आन् ह्या वयात मला कशाला ही वरात, पोरी?"

मी पट्टी काढली आणि कॅनच्या लोखंडी स्टँडला खालून प्लास्टिकच्या टायने आवळली. आता पिवळा उजेड रस्त्यावर पडतो. दूध घालायला जातात त्या लोणावळ्याच्या धुक्यात आबा बाजूनेही दिसतील. हे मात्र सांगितलं नाही. 'तीस वर्षं चालवतोय' म्हणून काढायला लावली असती. माझाच बाप तो.

दूध घालून आज उशिरा आले. "चौकातनं आलो जरा," एवढंच. गाडी रोजच्यासारखी गोठ्यामागे न लावता रस्त्याच्या कडेला लावली.

चावीच्या वायरीचा मला केवढा तोरा! आत्ता खिडकीतून पाहिलं. आबा आत जेवायला बसलेत, चावी गाडीलाच आहे आणि पट्टी चालू.