सगळ्यांना एकच सुरुवात

१४ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इकडे सगळं ठीक आहे. चष्म्याचं दुकान बरं चाललंय, स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलला. बाबा दोन्ही वेळा नीट जेवतात. तुमच्या भांडणात मी पडत नाही, चूक कोणाची ते तुम्ही दोघं बघा.

बाबांची ती संगणकावरच्या खेळाची स्पर्धा आता मी चालवते. हसू नकोस. मला आधी कळेचना की एकाच खेळाची तुलना कसली करायची. मग उमगलं. सगळ्यांना एकच नकाशा, तीच नदी, तेच डोंगर, एकच सुरुवात. ज्याने त्याने आपल्या घरी बसून राज्य वाढवायचं, महिनाअखेरीस फाइल पाठवायची आणि मग कोण कुठे चुकलं यावर खेळाडूंच्या गटात तावातावाने भांडायचं. आपल्या दोघांनाही सुरुवात एकच मिळाली होती म्हणा.

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. कोरी सुरुवात पाठवायची, तर बाबांनी पहिली चाल खेळून ठेवलेली फाइल पाठवली. झालं! सगळ्यांच्या नकाशावर पहिलं शहर आधीच वसलेलं, आणि त्याचं नाव 'छोट्या'. बाबा पहिल्या शहराला नेहमी तुझंच नाव देतात. मलाही ते तेव्हाच कळलं. गटात ही बोंबाबोंब. 'मास्तर' नावाने खेळणारे एकजण आहेत, त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या छोट्यावर टोळीवाले चालून आलेत. वाचवू की सोडून देऊ?"

"वाचवा हो," मी लिहिलं, "एकुलता एक आहे."

तूही ती फाइल उतरवून घेतलीस. 'उंट' हे तुझं खेळातलं नाव दिसलं आणि मी हातातलं काम टाकून बाबांकडे धावले. पण तुझा खेळ काही आला नाही. शेवटची तारीख मी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. लोक वैतागले. त्यांना काय सांगणार, की हा सगळा खटाटोप एकाच खेळाडूसाठी चाललाय?

वर सगळं ठीक लिहिलंय ते खरं नाही, रे. बाबा विसरतात. आधी किल्ल्या, मग रस्ते, आता माणसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध नाही, ओळखीचं काहीतरी करू द्या. हा खेळ त्यांना झेपतो, कारण तो थांबतो. त्यांनी चाल केल्याशिवाय समोरचा हलत नाही. पण ते पहिल्या चालीपुढे जातच नाहीत. शहर वसवतात, चहा पितात आणि परत नवा खेळ मांडतात. संगणकात नुसते छोट्याच छोट्या झालेत, एकही वाढलेला नाही.

मंगळवारी मी शेजारी बसले होते. शहर वसलं, नावाची चौकट आली आणि त्यांचा हात थांबला.

"काय लिहू?"

"छोट्या लिहा ना, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नव्या गिऱ्हाइकाकडे पाहते तसं, अदबीने. "हा कोण?"

"तुमचा मुलगा."

"असं होय," म्हणाले, आणि खेळाने सुचवलेलं नाव तसंच राहू दिलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवा नळ सोडला तरी आवाज करत नाही, म्हणून टॉवेल तोंडात धरला. तुमचं भांडणही ते विसरलेत, छोट्या. तुला माफ करायला किंवा तुझी माफी मागायला तिथे आता कोणी नाही. मला फार उशिरा सुचलं हे लिहायचं, आणि तुला फार उशिरा मिळतंय.

पुढच्या महिन्याची सुरुवात पाठवणार नाही, असं गटाला कळवलंय. का, ते कोणी विचारलं नाही.

तू ये. पण पूर्वीसारखा किल्ली फिरवून थेट आत घुसू नकोस, ते घाबरतील. बेल वाजव आणि दारातच थांब. मी ओळख करून देईन.

तुझी,
ताई