बंद न होणाऱ्या फाइली

सोमवार, ३ तारीख
आज शीतगृहात कामावर रुजू झाले, यांच्याच जागेवर. खोली उबदार, खुर्ची फिरती, चहा आयता! सगळे वहिनी म्हणतात. कॉम्प्युटर पुस्तकं वाचून शिकले म्हटल्यावर दारवान म्हणाला, पुस्तक वाचून पोहता येतं का? म्हटलं, बुडाले तर नाही ना अजून. काम सोपं आहे. माणूस कार्ड दाखवून थंड खोलीत शिरला की नोंदींचा प्रोग्राम त्याची फाइल उघडतो. कार्ड दाखवून बाहेर आला की बंद करतो.

बुधवार, ५
प्रोग्राम अडला. म्हणे खूप फाइली उघड्या आहेत. तो अडला की दारही अडतं. हमाल आत कुडकुडले. बाहेर आल्यावर म्हणाले, वहिनी, आमचा बर्फ करून विकणार का? सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. विंडोजवर या प्रोग्रामला पाचशे बारा फाइलींचीच मुभा आहे, सेटिंगमध्ये आकडा वाढवा, म्हणाला. वाढवला. पण माणसं जेमतेम चाळीस. एवढ्या फाइली कुणाच्या?

शुक्रवार, ७
पुन्हा अडला, पुन्हा वाढवला. गळक्या माठात पाणी ओतायचं काम. सगळ्यात जुनी उघडी फाइल यांची. असणारच. आत चालत गेले, बाहेर आले ते चौघांच्या खांद्यावरून. कार्ड कोण दाखवणार? त्यामागून उघडलेल्या शेकडो फाइलींना नावच नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, जुनी हातानं बंद करा, मागच्या आपोआप मिटतील. बटणावर बोट ठेवलं. एकदा निरोप दिलाय, दुसऱ्यांदा जमेना. आकडाच वाढवला.

मंगळवार, ११
आठ हजार एकशे ब्याण्णव. यापुढे जाऊ देत नाही. डोकं फुटायची वेळ आली. यांच्या फाइलीत नवी ओळ— दारावर थाप, आतून. परत. परत. हमाल तर सगळे बाहेर जेवतायत.

बुधवार
अडला. दार बंद. राहू दे बंदच. साहेब ओरडले, गाडी खोळंबलीय, माल काढा. शेवटी यांची फाइल बंद करायला गेले. होत नाही. फाइल वापरात आहे, म्हणतो.
साहेब किल्ली घेऊन दार उघडायला गेलेत. नका म्हटलं— ऐकलं नाही—

बंद झाली. मी नाही केली.
म्हणजे कार्ड— म्हणजे हे बाहेर—
आता बाकीच्याही मिटतायत. एकामागून एक. हेच तर मागत होते मी.
खोली गार पडलीय. मागं बघणार नाही. खांद्यावर हात— यांचा हात कधी एवढा जड न—