वाढत्या मापाचे शर्ट

१२ जून

चि. रंध्यास,
अ.उ.आ. आणि प्रभूत सलाम.

तुझं पत्र पोचलं. लोक तुरुंगात जायची वेळ येऊ नये म्हणून देवाचा धावा करतात आणि तू रीतसर अर्ज करून गेलास! कैद्यांना सुतारकाम शिकवण्याआधी स्वतःच्या घरातलं डगमगणारं स्टूल बघ, असा तुझ्या बायकोचा निरोप माझ्याकडे आलाय. तो तुझा तुला पोचता करते.

इकडे शाळेच्या गणवेशांची घाई आहे. तीन मशिनांपैकी एक रुसून बसलंय. गुडघाही कुरकुरतो. मशीन तेल घातलं की गप्प होतं, गुडघ्याला तेवढीही अक्कल नाही.

आता मुद्द्याचं. तो ट्रकवाला तुझ्याच तुरुंगात आहे. दारू पिऊन गाडी चालवली आणि माझ्या लेकाला, आपल्या झिप्र्याला, सायकलसकट चिरडलं, त्याला पाच वर्षं झाली. खटल्याच्या दिवशी तुला तिघांनी धरून ठेवलं होतं, ते मी विसरले नाही. आता तुझ्या हाताशी पटाशी, करवत, हातोडी सगळं आहे. म्हणून हात जोडून सांगते, त्याला बोटही लावू नकोस. सूड प्रभूने स्वतःकडे राखून ठेवलाय, ते आपलं काम नाही. मी भर उपासनेत उभी राहून त्याला माफ केलं. पाळकसाहेब अजून उपदेशात माझा दाखला देतात, मला अवघडल्यासारखं होतं. तू माझी मान खाली घालू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझी ताई


२९ जून

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. डोकं सुन्न झालंय. कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून घडलं तसंच लिहितो.

तू सांगितलंस म्हणून मी दोन आठवडे त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला कोपऱ्यातल्या यंत्रावर काम दिलं आणि पाठ फिरवली. पण रविवारी इथे प्रार्थना असते आणि त्या दिवशी घरचे कपडे घालायची मुभा असते. तो आला तो निळ्या चौकटीच्या शर्टात. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, छातीवरची बटणं लागत नव्हती, मान आवळून लाल झालेली. बाकीचे फिदीफिदी हसत होते. मीही हसलो असतो. तेवढ्यात डाव्या खांद्याकडे लक्ष गेलं. आतून पातळ गादी शिवलेली होती. झिप्र्या भिंतीवरून पडला तेव्हापासून त्याचा डावा खांदा जरा उतरता होता, म्हणून तू त्याच्या प्रत्येक शर्टाला तशी गादी लावायचीस.

मी विचारलं. त्याने कोठडीतून पाच शर्ट आणून माझ्या टेबलावर मांडले. दर वर्षी झिप्र्याच्या वाढदिवसाला एक येतो, असं म्हणाला. प्रत्येकाच्या खिशात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. आज तो पंधरा वर्षांचा झाला असता, एवढा वाढला असता, मी तुला माफ केलंय. मग सोळा. मग सतरा. या वर्षी एकोणीस. मी माझ्या फूटपट्टीने बाह्या मोजल्या, ताई. दर वर्षी वाढलेल्या आहेत.

पहिले चार तर त्याच्या अंगात शिरतही नाहीत. पाचवा तो दर रविवारी घालतो. चांगल्या वागणुकीमुळे त्याची उरलेली शिक्षा माफ होते आहे, ऑगस्ट संपायच्या आत एका कागदावर सही हवी. तो करत नाही. त्या मुलाचं माप वाढतंय तोवर मी कोणत्या तोंडाने बाहेर जाऊ, असं विचारतो. त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. दर महिन्याला आजीचा हात धरून येते आणि बाकावर बसून राहते. दोन महिने झाले, तो तिला भेटायलाही जात नाही.

मी त्याला एका घावात संपवला असता. तू पाच वर्षं टाका टाका घालून संपवतेयस. याला माफी म्हणतात का? मला तुझी भीती वाटली. लहानपणापासून ज्या हातांनी मला भरवलं, त्यांची भीती. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

रागावलीस तरी उत्तर दे.

तुझा
रंध्या


७ जुलै

चि. रंध्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुरगाळलं. घरचा भेदी म्हणाले तुला, आणखीही बरंच काही म्हणाले, ते कागदावर शोभणार नाही. दोन दिवस दुकान उघडलं नाही. तुझे भावोजी गेल्यावरही मी चौथ्या दिवशी मशीनवर बसले होते.

आता खरं ऐक. मूठमातीनंतर पाळकसाहेब घरी आले आणि त्यांनी शास्त्र उघडलं. सूड घेऊ नका, हे मी दातओठ खात ऐकलं. पण पुढे आलं की शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, तहानलेला असेल तर पाणी द्या, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचाल. माझे कान टवकारले. निखारे! म्हणजे करता येण्यासारखं काहीतरी आहे तर! ते निखारे शरमेचे, त्यांनी माणूस विरघळतो, असं काहीबाही पाळकसाहेब पुढे समजावत होते. मी ऐकलंच नाही. मला हवं ते मिळालं होतं. मला शिवणकामाखेरीज काही येत नाही, म्हणून मी कापडाचे निखारे केले. उपासनेत उभं राहणं तर त्याहून सोपं गेलं. सगळे रडत होते, मी कोण कोण रडतंय ते बघत होते.

पण एवढंच नाही रे. शर्ट बेतायचे त्या दोन दिवसांत झिप्र्या घरात असायचा. आता किती उंच झाला असेल, मिसरूड फुटली असेल, खांदे भरले असतील, असं म्हणत मी खडूने रेघ ओढायची. थांबले तर तो चौदाचाच राहील. तू मला त्याला पुन्हा एकदा पुरायला सांगतोयस.

आणि त्या मुलीचं तू मला कशाला सांगितलंस? मला ठाऊक नव्हतं. आता घास उतरत नाही.

ताई


१५ जुलै

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुला उपदेश करायचा मला काडीचा अधिकार नाही, ते आधी सांगून टाकतो.

तो ज्या यंत्रावर काम करतो, त्याच्या पात्यावरचं लोखंडी झाकण ढिलं होतं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. मी पाना उचलला आणि परत ठेवला. चार दिवस रोज ते झाकण हलताना बघत होतो, त्याचा हात त्याच्या शेजारून जाताना बघत होतो. तू म्हणालीस बोटही लावू नकोस. मी कुठे लावत होतो? पाचव्या दिवशी घट्ट केलं, तेही साहेब तपासणीला येणार होते म्हणून. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शर्ट बघून तुझ्यावर तोंड टाकलं आणि मग घरी येऊन हे आठवलं.

एकाच आईची लेकरं आपण, दुसरं काय!

दिवस थोडे उरलेत. तू दोन ओळी लिहून पाठव, मी त्याला वाचून दाखवीन. किंवा शनिवारी भेटीची वेळ असते. जबरदस्ती नाही. माझ्यावरची माया मात्र आटू देऊ नकोस, मला आता तिची जास्त गरज आहे.

तुझा
रंध्या


१० ऑगस्ट

चि. रंध्यास,
अ.उ.आ. आणि प्रभूत सलाम.

शनिवारी तू दाराबाहेर थांबलास. नंतर स्टँडवर काही न विचारता चहा आणून दिलास. त्याने संध्याकाळी सही केली, हे तुझ्या कार्यालयातून तुला कळलंच असेल. आत काय झालं ते कुणालातरी सांगायलाच हवं, म्हणून लिहिते.

मी वाक्य पाठ करून गेले होते. तो उठून उभा राहिला आणि वाक्य पळालं. पाच वर्षं मनात एक राक्षस पोसला होता. समोर टक्कल पडत चाललेला, नखं कुरतडलेला माणूस, आणि अंगात माझा तो शर्ट. काखेत उसवलेला. मी म्हणाले, काढ तो. लहान मुलासारखा त्याने काढून घडी घालून दिला आणि बनियनवर उभा राहिला. पुढे काय करायचं मी ठरवलं नव्हतं, रंध्या. पिशवीत टेप होती. माझ्या पिशवीत ती नसेल असा दिवस नाही. ताठ उभा राहा म्हणाले आणि माप घ्यायला लागले. छाती, खांदा, बाही. दोन्ही खांदे सरळ होते.

मग गळा. टेप मानेभोवती घातली आणि दोन्ही टोकं माझ्या एका मुठीत आली. शिपाई खिडकीबाहेर बघत होता. ट्रकवाल्याला माझ्या मनातलं कळलं. त्याने डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि वाट बघत राहिला. तुझ्यापाशी लपवत नाही, मला ओढायचं होतं. माफी नाही, शास्त्र नाही, काही आठवलं नाही. हाताला जोर चढला होता आणि मी ओढलंही. टेप पुढे जाईना. खाली बघते तर माझीच दोन बोटं आत.

गळ्याचं माप घेताना आम्ही टेपच्या आत दोन बोटं ठेवतो, माणसाला श्वास घेता यावा म्हणून. तीस वर्षांची सवय. मी ठेवली नव्हती, ती आपली आपण गेली होती. त्याची शीर त्या बोटांवर उडत होती. मग मूठ सोडली आणि आकडा मोठ्याने वाचला. साडेसोळा.

यापुढे पार्सल येणार नाही, शर्ट दुकानात येऊन न्यावा लागेल, पोरीलाही आण, एवढंच त्याला सांगून निघाले. येत्या रविवारी उपासनेत उभी राहणार आहे. पाच वर्षांपूर्वी मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, असं सांगणार आहे. पाळकसाहेबांच्या उपदेशाचं काय व्हायचं ते होवो.

झिप्र्या चौदाचाच राहिला रे. त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले.

तुझी
ताई