तापाचे रंग

प्रिय धाकट्या,

तू नवी बोट ठरवायला शहरात गेलास त्या सकाळी, पहिल्या फेरीआधी, मी नेहमीसारखा धक्क्याच्या पायरीवर बसून पाण्याला हात लावून नमस्कार केला. पाणी कोमट लागलं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. देवाचं नाव तोंडातच राहिलं.

फेरी मात्र भरलेली होती. तू रंगवलेली ‘यंदा खास रंग’ ही पाटी बघूनच माणसं येतात. बोटीच्या तळाच्या काचेतून प्रवाळ दिसले आणि सगळे ओरडलेच. जांभळे, निळे, पिवळेधमक. एका नव्या नवरीनं विचारलं, “काका, खाली दिवे लावलेत का हो?” सगळे हसले, मीही हसलो. तू असतास तर म्हणाला असतास, “दादा, देवानं यंदा हात मोकळा सोडलाय!”

मला मात्र आई आठवली. शेवटच्या आठवड्यात तापानं तिचे गाल कसे तुकतुकीत झाले होते! बघायला येणारे म्हणायचे, आता सुधारल्या हो. तू तर पेढे आणायला धावला होतास. उशाशी बसून मी तिचं कपाळ चाचपत होतो, म्हणून मला तेवढं हसू आलं नव्हतं.

फेरी संपल्यावर समुद्र-संशोधन केंद्रातल्या बाईंना गाठलं. त्यांनी सरळ सांगितलं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवू घालतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो. काही प्रवाळ तेव्हा आधी असे झळाळतात, मग पांढरे पडतात. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, उपाशी. पाणी लवकर निवलं आणि कुणी छेडलं नाही, तर सावरूही शकतो. पाणी निववणं आपल्या हातात नाही. आणि छेडतो ते आपणच. आपला नांगर, पोहायला उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पायातली रबरी वल्ही, ढवळलेला गाळ. परवा एकानं आधारासाठी प्रवाळाचा शिंगासारखा एक फाटा धरला, तो मोडूनच हातात आला. त्यानं तो मला भेट दिला! घरी आणला तेव्हा तुझी वहिनी एवढंच म्हणाली, “देवापुढे नका ठेवू.” रात्री नीट जेवलोही नाही. तुझा उत्साह डोळ्यांपुढे होता. नव्या बोटीचं नाव ठरवत तू लहान मुलासारखा घरभर फिरला होतास.

तू म्हणशील, सांगायचं तरी. फोन केला असता तर तूच आधी बोलला असतास आणि मी जन्मभर म्हणत आलो तसं “बरं” म्हणालो असतो. म्हणून हे पत्र शहरात जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय. नव्या बोटीच्या कागदांवर सही करण्याआधी ते तुला मिळावं, एवढीच देवाजवळ प्रार्थना. सही करू नकोस रे. त्या प्रवाळाच्या खडकावर बोट न्यायचा परवाना एकट्या आपलाच होता. आज सकाळी बंदर कचेरीत जाऊन मी तो परत केला. साहेबांनी विचारलं, “भावाला विचारलंत?” मी नाही म्हणालो आणि सही केली.

तू बोलेनासा झालास तरी तुझाच,
दादा