चार नंबरचा पाइप

४ जानेवारी, अकोट
दुसऱ्यांदा नापास! जहाजाच्या इंजिनीअरची तोंडी परीक्षा. हवेची झडप घडाघडा सांगितली— टाकीतली दाबाची हवा येते, झडप उघडते, हवा पिस्टनले खाली ढकलते, इंजन फिरते, डिझेल पेटलं की झडप बंद. मंग परीक्षकानं विचारलं, "झडप गळतेय हे कसं ओळखाल?" म्हणलं, मीटर पाहीन. "तिथं मीटर नसतं. पुन्हा या." अशी शरम वाटली! आता एकच संधी. नाई तर बढती विसरा.

५ जानेवारी
बाबा पोट धरून हसले! कापसाच्या जिनिंगमधले जुने फिटर ते, त्यायचं इंजनही हवेनंच चालू होये.
"हात काहून नाई लावला? चालत्या इंजनाच्या हवेच्या पाइपाले उलटा हात लावाचा. तळहाताले घट्टे, त्याले काय समजते! पाइप गार पायजे. गरम लागला का आतली आग झडपीतून मांगं येऊन राहिली. पाइपात तेल रायते. मंग हवा सोडली का फुटलाच!"
दसऱ्याले मालक नारळ फोडत, इंजन चालू होये, अन् बाबा एकेका पाइपाले उलटा हात लावत फिरत. मले वाटे, आमचे बाबा असेच पाया पडतात!

८ जानेवारी
ओसरीवर सहा स्टीलचे गिलास पालथे. एकाखाली गरम वाटी. डोळे मिटून ओळखाचं. आई म्हणे, "चहा पेऊ देता का नाई?" चौथा! बरोब्बर.

१९ फेब्रुवारी, मुंबई
पास! पास! पास! तोच प्रश्न— अन् मी उलटा हात वर केला. परीक्षक म्हणाले, "कुणी शिकवलं?" "श्रावण फिटर, अकोट!"

३ जून, जहाजावर
बंदर दोन तासांवर; तिथं इंजन घडीघडी बंद-चालू कराले हवा लागते. चार नंबरचा पाइप गरम! सांगितलं, झडप बदलल्याबिगर हवा सोडाची नाई. चीफ इंजिनीअर ओरडला. मी हटली नाई. भर समुद्रात जहाज थांबलं— माझ्या एका हातावर! झडप काढली, तिची बसाची जागा जळून काळी. चीफनं टोपी काढली.

४ जून
बाबाले फोन केला. वाटलं, नाचतीन.
"खाली इंजनापाशी किती जण होते?"
"सात."
मंग म्हणाले, "आमच्या जिनिंगमधी दोघं होते. तुह्या जन्माच्या आधी. मी हात न लावताच गार हाय म्हणलो. पाइप फुटला. दोघंबी गेले."
बाबानं हे आजवर कोणालेच सांगितलं नव्हतं.
"तुह्ये सातही जेवले ना, दीपमाला?"
"जेवले, बाबा. भांडून भांडून जेवले."